युद्ध एक महिन्याचं, आणीबाणी सव्वापाच वर्षांची

दस्तऐवजी

ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत एक वाक्य फार ऐकलं. 'लढाई चालू आहे तोवर सरकारला प्रश्न विचारू नका, संपली की काय ते विचारा.' घरी, ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर, सगळीकडे. वाक्य ऐकायला रास्त आहे. मला एवढंच विचारायचंय की, संपली हे सांगणार कोण? आपल्याकडे एकदा हे होऊन गेलंय आणि तेव्हा सांगायला बराच काळ कुणी आलं नव्हतं.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) आणि लडाख दोन्हीकडून हल्ला केला. २६ ऑक्टोबरला कलम ३५२ खाली आणीबाणी पुकारली गेली, स्वतंत्र भारतातली पहिली. त्याच दिवशी भारत संरक्षण वटहुकूम निघाला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला. त्याखालच्या नियमांना, डिफेन्स ऑफ इंडिया रूल्सना, लोक नुसतं डीआयआर म्हणायचे. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली. म्हणजे लढाई महिनाभराची. आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ ला.

मधल्या काळात नेहरू गेले, शास्त्री आले आणि गेले, पाकिस्तानशी एक अख्खं युद्ध होऊन ताश्कंद करार झाला, आणि १९६७ ची सार्वत्रिक निवडणूकसुद्धा पार पडली. हे सगळं आणीबाणी कायम असताना. कलम ३५८ मुळे कलम १९, म्हणजे बोलण्या-लिहिण्याचं, सभा भरवण्याचं स्वातंत्र्य, सरकारच्या आड येऊ शकत नव्हतं. ३५९ खालच्या आदेशाने बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात जायचा रस्ताही जवळजवळ बंद होता.

हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे आपण आजही अभिमानाने सांगतो. यशवंतराव दिल्लीला गेले त्याच नोव्हेंबरात मुंबईत काय चाललं होतं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी यांना महाराष्ट्र सरकारने डीआयआरखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध केलं. खटला वगैरे काही नाही. आत बसून त्यांनी मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, 'अणूच्या अंतरंगात'. लिहायला सरकारची परवानगी होती. हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू द्या म्हटल्यावर मात्र सरकार म्हणालं, नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायाधीशांनी अनुक्रमणिका पाहिली आणि सांगितलं की हे निव्वळ विज्ञान आहे, यात देशाच्या संरक्षणाला बाधक काही नाही.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. युक्तिवाद असा की स्थानबद्ध माणसाला नियमांत लिहिलेत तेवढेच हक्क. पुस्तक छापण्याचा हक्क नियमांत नाही, म्हणजे तो त्याला नाही. न्या. सुब्बा राव यांनी ते उलटं केलं. त्यांचं म्हणणं, नियम सवलती देत नाहीत, बंधनं घालतात. ज्यावर बंधन घातलेलं नाही ते माणसाकडे मुळात आहेच. सरकार हरलं. निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी आपलं सैन्य लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडत होतं.

अणूवरच्या मराठी पुस्तकाने चिनी सैन्याची काय सोय झाली असती ते मला कळलेलं नाही. चीनने तर १९६४ च्या ऑक्टोबरात लोप नूरला अणुस्फोटही उरकून घेतला होता, तोही मराठी न वाचता.

माझं म्हणणं असं. युद्धात बंधनं नकोत असं मी म्हणत नाही. पण बंधन घालताना ते कुठल्या तारखेला संपणार हे लिहिलेलं नसेल, तर ते युद्धासाठी आहे यावर माझा विश्वास नाही. तुमचं मत लिहा. पक्षांची उणीदुणी काढायला दुसरे धागे आहेत.

रंकाळा

लेख चांगला हाय, पण अर्धाच सांगितलाय. चीन दारात आला असताना इथं त्याची बाजू घेणारी माणसं होती का नव्हती? त्यास्नी हार घालायचे होते काय?

दस्तऐवजी

रंकाळा, होती. कम्युनिस्ट पक्षात उघड दोन तट होते आणि १९६४ मध्ये पक्ष फुटलाही. पण १ नोव्हेंबर १९६२ ला त्याच पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने चिनी आक्रमणाचा निषेध करणारा ठराव केला होता. त्यानंतर, २१ नोव्हेंबरच्या सुमारास, म्हणजे शस्त्रसंधी होत असताना, देशभर शेकडोंनी धरपकड झाली. लढाई चालू असतानाची अटक मी समजू शकतो. लढाई थांबताना सुरू झालेली आणि वर्षानुवर्षं चाललेली स्थानबद्धता कशासाठी?

सुभेदार_निवृत्त

फौजेत आयुष्य गेलं, म्हणून दोन शब्द. कुठली तुकडी कुठे आहे, पूल कुठला वापरतोय, तोफा कधी हलवल्या, हे बाहेर गेलं की माणसं मरतात. यात मत-बित काही नाही. २६/११ ला काय झालं ते मुंबईकरांनी पाहिलंय. ताज आणि नरिमन हाऊसभोवती कमांडो कुठून शिरतायत हे वाहिन्या थेट दाखवत होत्या आणि कराचीत बसलेले लोक तेच बघून फोनवरून आतल्या अतिरेक्यांना सूचना देत होते. कसाब प्रकरणाच्या २०१२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने वाहिन्यांना यावरून चांगलंच फटकारलंय. अभिव्यक्तीच्या नावाखाली याचं समर्थन करता येणार नाही असंच कोर्ट म्हणालं. तेव्हा सगळ्याच बंधनांना एका मापाने मोजू नका.

दस्तऐवजी

सुभेदारसाहेब, शंभर टक्के मान्य. २०१५ पासून केबल टीव्हीच्या नियमांतच आहे की अतिरेकीविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायचं नाही, सरकारने नेमलेला अधिकारी अधूनमधून माहिती देईल तेवढीच दाखवायची. आणि त्यात 'कारवाई संपेपर्यंत' असं स्पष्ट लिहिलंय. मला हवं ते नेमकं हेच. कशावर बंदी आणि कधीपर्यंत, दोन्ही एका ओळीत.

रानजाई

बातमी दाबली की लोक शांत राहतात हा समज कुठून आला कोण जाणे. माझे वडील बँकेत होते, त्यांची काही वर्षं तेजपूरला बदली होती. तिथली जुनी माणसं ६२ चा विषय निघाला की अजून कडवट होतात. रेडिओवर सगळं आलबेल, आणि एक दिवस कळतं की नेफातलं बोमडिला पडलं. मग जे झालं ते इतिहासाच्या पुस्तकांतही आहे. प्रशासनच पळालं, तुरुंगाचे दरवाजे उघडले, बँकेत नोटा जाळल्या गेल्या. ज्याला जमेल तो ब्रह्मपुत्रा ओलांडून दक्षिणेला निघाला. नेहरूंनी रेडिओवरून आसामच्या लोकांविषयी कळवळा व्यक्त केला तो तिथे निरोप वाटला, आणि तसाच तो आजही सांगितला जातो. आठवडाभर आधी खरं सांगितलं असतं तर लोक कदाचित घाबरले असते, पण असे सैरावैरा धावले नसते.

बाबांच्या शाखेतला एक सहकारी म्हणायचा, आम्हाला चिन्यांपेक्षा आकाशवाणीचा राग जास्त आला.

रंकाळा

हे माहीत नव्हतं. नोटा जाळल्या? खरंच?

रानजाई

हो. स्टेट बँकेच्या शाखेत. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून.

सोनारपेठ

दस्तऐवजी, तुम्ही डीआयआरचा सगळ्यात मोठा फटका कुणाला बसला ते लिहिलंच नाहीत. आमच्या आळीला विचारा. ९ जानेवारी १९६३ ला अर्थमंत्री मोरारजीभाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं ते याच डीआयआरमध्ये एक भाग घुसडून. चौदा कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायचा नाही! चौदा कॅरेटचं सोनं ठोकायला गेलं की चिरा पडतात, त्यात पाटल्या-बांगड्यांचं काम होत नाही हे कुठल्याही कारागिराने सांगितलं असतं. आजोबांच्या हाताखाली चार माणसं होती, वर्षभरात एकही उरला नाही. एकाने पुढे सायकलचं दुकान काढलं. देशभर सोनारांनी आत्महत्या केल्या. सरकारला परकीय चलन वाचवायचं होतं, तस्करी थांबवायची होती, सगळं मान्य. पण ते चीनच्या नावाने कशाला?

आणि बोलायची पण सोय नव्हती. 'देश संकटात आहे आणि तुम्हाला दागिने सुचतात' म्हटलं की संपलं.

तळ्यातमळ्यात

सोनारपेठ, हे भाषणबंदीच्या विषयात बसत नाही असं म्हणणार होते, पण शेवटच्या ओळीने बसवलंत.

अवांतर: देवळीच्या छावणीबद्दल कुणी लिहिणार आहे का? वर्ध्याची देवळी नव्हे, राजस्थानातली. आसाम, दार्जिलिंग, शिलाँगकडच्या सुमारे ३००० चिनी वंशाच्या लोकांना तिथे नेऊन ठेवलं होतं. त्यांतले कित्येक इथेच जन्मलेले, चिनी बोलताही न येणारे. काही कुटुंबं १९६७ पर्यंत तिथे होती. त्यांच्या बाजूने त्या वेळी किती अग्रलेख आले असतील? कलम १९ निलंबित असताना संपादक स्वतःच जास्त सावध होतो. सरकारला फोनसुद्धा करावा लागत नाही.

वकीलकाका

उशिरा आलो. काही गोष्टी कायद्याच्या बाजूने जोडतो.

संझगिरी निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, ७ सप्टेंबर १९६५ ला, सुप्रीम कोर्टाने राममनोहर लोहियांना सोडलं. त्यांना ऑगस्टमध्ये पाटण्यात डीआयआरखाली धरलं होतं, बिहारमधल्या आंदोलनावरून. कोर्ट म्हणालं की 'कायदा आणि सुव्यवस्था' बिघडणं वेगळं आणि 'सार्वजनिक सुव्यवस्था' बिघडणं वेगळं. आदेशात पहिलं लिहिलंय, नियमात दुसरं आहे, म्हणून आदेश रद्द. न्या. हिदायतुल्लांनी तिथेच एकात एक असलेल्या तीन वर्तुळांची उपमा दिली: सगळ्यात मोठं कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, त्याच्याही आत राज्याच्या सुरक्षेचं. आजही प्रतिबंधात्मक अटकेच्या प्रत्येक प्रकरणात ही वर्तुळं निघतात. पाकिस्तानशी युद्ध चालू असताना आणि भर आणीबाणीत सुप्रीम कोर्टाने सलग दोन दिवस सरकारला नाही म्हटलं, हे विसरू नका.

पण त्याआधी १९६३ चा मक्खन सिंग निकाल आहे. तो आपल्या साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांनी लिहिला. त्यात बहुमताने मानलं की ३५९ च्या आदेशाखाली आलेल्या हक्कांसाठी कोर्टाचं दार बंद. सुब्बा राव यांचं एकट्याचं विरोधी मत. गजेंद्रगडकरांनी काही फटी ठेवल्या, जसं की अटक दुष्ट हेतूने झाली असेल किंवा कायद्याच्या चौकटीबाहेर असेल तर दार उघडं. त्याच फटींतून पुढे संझगिरींचं पुस्तक आणि लोहिया बाहेर आले.

आता खरा मुद्दा. १९६८ ला आणीबाणी उठली. ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं, पुन्हा बाह्य आक्रमणाची आणीबाणी, पुन्हा भारत संरक्षण कायदा आणि नियम. ढाक्याची शरणागती १६ डिसेंबरची. ही आणीबाणी उठली १९७७ मध्ये! २५ जून १९७५ ला 'अंतर्गत अशांतता' म्हणून जी जाहीर झाली ती आधीच चालू असलेल्या आणीबाणीवर चढवलेली दुसरी होती. इंदिराजींनी वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसवला तो १९७१ च्या युद्धासाठी केलेल्या नियमांपैकी नियम ४८ खाली. ७५ मध्ये फक्त कायद्याच्या नावात 'अंतर्गत सुरक्षा' जोडलं. हत्यार तयार होतं, बांगलादेशच्या युद्धातलं.

दस्तऐवजी

काका, हे मी मूळ लेखात घ्यायला हवं असं वाटतंय. मिनू मसानींचा खटला याच नियमाचा ना?

वकीलकाका

तोच. मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातला मजकूर मुंबईच्या सेन्सॉरने, बिनोद राव यांनी, अडवला. मसानी उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. बिनोद राव अपिलात गेले. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. मादन आणि न्या. कानिया यांच्या खंडपीठाने सेन्सॉरलाच सुनावलं. निकाल मोठा आहे, पण गाभा असा की सरकारच्या धोरणाशी असहमती दाखवणं म्हणजे देशाला धोका नव्हे, आणि सेन्सॉरचं काम सगळ्या वर्तमानपत्रांना एका सुरात गायला लावणं हे नव्हे. आठवा, ही फेब्रुवारी १९७६ आहे. एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने एडीएम जबलपूर खटल्यात हात टेकले, आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात येता येणार नाही म्हणाले. मुंबईने त्याआधी दोन महिने ताठ मान दाखवली होती.

रानजाई

आणि कऱ्हाडचं साहित्य संमेलन डिसेंबर १९७५ चं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव. बासष्टला मदतीला धावलेला सह्याद्री तेव्हा केंद्रात मंत्री होता, आणि बाई त्याच मंडपातून जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगत होत्या. यशवंतरावांवर मला राग नाही येत, पण त्या दिवशीचा त्यांचा चेहरा बघायला आवडला असता.

निशाचर

सगळे जुन्यात रमलेत. आजचं बोला.

मे २०२५ मध्ये आणीबाणी नव्हती, कलम १९ शाबूत होतं. तरी एक्सने (पूर्वीचं ट्विटर) ८ मे रोजी जाहीर केलं की भारतात ८००० पेक्षा जास्त खाती बंद करायचे आदेश आलेत आणि बहुतेक ठिकाणी कोणत्या पोस्टसाठी ते सांगितलेलंच नाही. 'द वायर'ची साइट दुसऱ्या दिवशी बंद झाली, मग एक बातमी काढून टाकल्यावर चालू. त्याच सुमारास आपल्या कित्येक वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं रात्रभर दाखवलं. धादांत खोटं. त्यांच्यापैकी कुणाचं प्रक्षेपण तासभर तरी थांबलं का? देशाचं मनोबल वाढवणारं खोटं चालतं, प्रश्न विचारणारं खरं चालत नाही.

सुभेदार_निवृत्त

निशाचर, त्या रात्रीच्या बातम्यांची आम्हा जुन्या लोकांनाही लाज वाटली. फौजेची पत जाते असल्याने. दुसऱ्या दिवशी अधिकृत निवेदन येईपर्यंत थांबता येत नाही का यांना? पण ८००० खात्यांत पाकिस्तानातून चालणारी किती होती हेही बघा. अफवा पसरवणारी खाती बंद केली तर त्यात गैर काय?

निशाचर

बघायला यादी कुठाय? तीच तर अडचण आहे.

रंकाळा

कारगिलात पण केबलवरचं पाकिस्तानचं पीटीव्ही बंद केलं होतं, त्यांच्या 'डॉन' पेपरची साइट उघडत नव्हती. तेव्हा आमच्यात कुणी बोंबललं नाही. उलट पीटीव्ही बघणारा म्हणजे काय तरी संशयित. लढाई संपल्यावर चालू झालं असंल, आम्ही काय परत बघायला गेलो न्हाई.

एक गोष्ट मात्र मानली. मी पहिल्यांदा लिहिलं ते कम्युनिस्टांबद्दल लिहिलं. पण सोनारांनी चीनला काय मदत केली असती? कायदा एकदा हातात आला की कुणावर चालंल सांगता येत न्हाई.

तळ्यातमळ्यात

नेहरूंच्या बाजूनेही थोडं बोलू द्या. लढाई चालू असताना, नोव्हेंबर १९६२ मध्ये, त्यांनी संसदेचं अधिवेशन बोलावलं. वाजपेयी तेव्हा तरुण खासदार, त्यांनी मागणी केली होती. गुप्त बैठक घ्या अशी सूचना आली ती नेहरूंनी फेटाळली. आठवडाभर खासदारांनी त्यांना उघड धारेवर धरलं. संरक्षणमंत्री मेनन यांना तर त्यांच्याच पक्षाने घालवलं. २०२५ मध्ये विशेष अधिवेशनाची मागणी झाली, ते झालं नाही. चर्चा झाली ती थेट जुलैअखेर पावसाळी अधिवेशनात. म्हणजे एकीकडे डीआयआर आणि दुसरीकडे खुली संसद. त्या माणसाला एका रंगात रंगवता येत नाही.

दस्तऐवजी

मान्य. पण त्याच सरकारने बासष्टच्या पराभवाच्या लष्करी चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३ मध्ये कुलपात ठेवला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक सरकारने, सगळ्या रंगांच्या, तो तिथेच ठेवला. पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी २०१४ मध्ये त्यातला काही भाग इंटरनेटवर टाकला म्हणून आपल्याला थोडाफार वाचायला मिळाला. 'लढाई संपली की विचारा' म्हणणाऱ्यांना मी हा अहवाल दाखवतो. म्हणजे, दाखवला असता.

सोनारपेठ

वकीलकाका, एक शंका. समजा उद्या खरोखर मोठं युद्ध झालं आणि आणीबाणी लागली. पुन्हा सव्वापाच वर्षं चालू शकते का?

वकीलकाका

चालू शकते, पण आता आपोआप नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने बरंच बदललं. आधी संसदेने एकदा मान्यता दिली की सरकार स्वतः उठवेपर्यंत आणीबाणी अमर. आता महिन्याभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मान्यता लागते आणि पुढे दर सहा महिन्यांनी पुन्हा. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी मागणी केली की आणीबाणी उठवण्याच्या ठरावासाठी खास बैठक बोलवावीच लागते. कलम १९ फक्त युद्ध किंवा बाह्य आक्रमणाच्या आणीबाणीतच बाजूला पडतं, आणि तेही त्या आणीबाणीशी संबंध असल्याचं नमूद केलेल्या कायद्यांपुरतं. कलम २० आणि २१ तर कुठल्याच आणीबाणीत निलंबित करता येत नाहीत. सुवर्ण नियंत्रणासारखं काही आज युद्धाच्या कायद्यात घुसवलं, तर निदान कोर्टात संबंध दाखवावा लागेल.

दस्तऐवजी

म्हणजे आणीबाणीला मुदत मिळाली. आणि आणीबाणी न लावता जे होतं त्याला? निशाचर म्हणतात त्या खाती बंद करण्याच्या आदेशांना मुदत असते का?

वकीलकाका

ते आदेश माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली निघतात, त्याचे नियम २००९ चे. तातडीचा आदेश असेल तर ४८ तासांत समितीपुढे ठेवावा लागतो. वर एक आढावा समिती आहे, तिने दोन महिन्यांतून किमान एकदा बसायचं असतं. नियम १६ प्रमाणे तक्रार आणि कारवाई, दोन्ही गोपनीय. बंदी किती दिवस चालणार याबद्दल नियमांत काही नाही.